फाइल तिच्या हातात द्या

पत्र

ताई, माझी बायको ४३ वर्षांची आहे, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. पाच आठवड्यांपूर्वी तिच्या डाव्या स्तनाचं ऑपरेशन झालं, स्तन काढावा लागला. काखेतल्या दोन गाठींमध्येही आजार निघाला. येत्या सोमवारी पुण्यात पहिली केमो आहे. आधी दर तीन आठवड्यांनी एक अशा चार ‘लाल औषधाच्या’, मग दर आठवड्याला एक अशा बारा. आमचं गाव पुण्यापासून तीन तासांवर. माझं कृषी सेवा केंद्र आहे, खरिपाचा हंगाम तोंडावर आलाय.

सगळं मी आणि माझा भाऊ बघतोय. रिपोर्ट तिला दाखवत नाही, उगाच टेन्शन घेईल. तिने केसांचं विचारलं तेव्हा ‘आता नवीन औषधं आलीत, केस जात नाहीत’ असं सांगून टाकलं. तिच्यासमोर मी कायम हसतमुख असतो. मुलगी दहावीला आहे, समजूतदार आहे, घरातलं ती बघते. मुलगा सहावीत, त्याला ‘आईला गाठ होती’ एवढंच सांगितलंय. आई रोज गुळवेलीचा काढा देते आणि सवाष्णीने डोक्यावरचे केस उतरवू नयेत म्हणते. बायकोला त्रास नको म्हणून मी मुलाच्या खोलीत झोपतो. एवढं करूनही ती दिवसेंदिवस गप्प होत चाललीय. मी अजून काय करू?

उत्तर

प्रिय भाऊ,

तुमचा तिच्यावर जीव आहे हे पत्राच्या ओळीओळीत दिसतं, म्हणून स्पष्ट लिहिते. अजून काय करायचं ते पुढे बघू, आधी काय थांबवायचं ते सांगते. तुमच्या घरात तिच्या आजाराचे सगळे निर्णय तिच्या माघारी होताहेत. ऑपरेशन तिचं झालं, सोमवारी सुई तिच्या हाताला लागणार आणि रिपोर्ट मात्र तुमच्या कपाटात. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या मुलांना वाचायला शिकवणाऱ्या बाईला स्वतःच्या शरीराबद्दलचे कागद वाचू द्यायचे नाहीत, असं तुम्ही प्रेमापोटीच ठरवलंत. ती गप्प होत चाललीय, त्याचं मोठं कारण मला यातच दिसतं.

मी बरीच वर्षं केमोच्या डे-केअर वॉर्डात सिस्टर होते. तिथे पुन्हा पुन्हा दिसायचं, डॉक्टर बाईला विचारतात, ‘उलट्या किती झाल्या?’ आणि उत्तर नवरा देतो. ‘झोप लागते का?’ तोच सांगतो, ‘हो, चांगली लागते.’ ती खाली मान घालून पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसलेली असते. हे नवरे काही वाईट नव्हते, तुमच्यासारखेच धास्तावलेले होते. पण त्या उत्तरांवर पुढच्या औषधाचा डोस ठरत असतो. तोंड आल्यामुळे तीन दिवस नुसत्या पेजेवर काढलेली बाई घरच्यांसमोर ‘बरी आहे’ म्हणून मोकळी होते आणि डॉक्टरांना ते कधी कळतच नाही.

तेव्हा आज संध्याकाळी फाइल तिच्या हातात द्या. ‘ही तुझी फाइल, वाच नाहीतर नुसती ठेव, पण आता ती तुझ्याकडे राहील,’ एवढं म्हटलं तरी पुरे. काही बायका एक ओळही वाचत नाहीत, नवऱ्यालाच सांभाळायला सांगतात. तेही चालतं, कारण ते तिने ठरवलेलं असतं. वाचली तर तिला प्रश्न पडतील, ते तिच्याच अक्षरात एका वहीत लिहू द्या. सोमवारी डॉक्टरांसमोर तिने विचारावेत, तुम्ही शेजारी बसून उत्तरं टिपून घ्यावीत.

एक प्रश्न बहुधा तिच्या मनात आत्ताच असेल, गाठ काढून टाकली मग केमो कशाला? पुष्कळ बायका मनातल्या मनात याचं उत्तर ‘अजून आत आहे, घरचे लपवताहेत’ असं देतात. आजार काखेतल्या गाठींपर्यंत गेला होता, म्हणजे काही पेशी डोळ्यांना किंवा स्कॅनमध्ये न दिसता शरीरात दुसरीकडे गेलेल्या असू शकतात. ऑपरेशन फक्त त्या जागेपुरतं असतं, केमो रक्तातून सगळीकडे पोचते. आजार परत येण्याची शक्यता कमी करायला ती दिली जाते. हे तिने डॉक्टरांच्या तोंडून स्वतःच्या कानांनी ऐकलं, तर तिच्या मनावरचं बरंच ओझं उतरेल.

आता केसांचं. भाऊ, हे सोमवारच्या आत दुरुस्त करा. लाल औषध म्हणजे डॉक्सोरुबिसिन, त्याच्याबरोबर बहुतेक वेळा सायक्लोफॉस्फमाइड असतं. या जोडीने केस जवळजवळ नक्की जातात. पहिल्या केमोनंतर दोन-तीन आठवड्यांत गळायला लागतात, म्हणजे दुसऱ्या केमोच्या आसपास. आधी उशीवर दिसतात, मग नहाणीच्या जाळीत, मग कंगवा फिरवला की पुंजकाच हातात येतो. केस वाचवण्यासाठी डोकं थंड ठेवणारी टोपी मोजक्या मोठ्या रुग्णालयांत असते, पण या औषधावर तिचा फारसा भरवसा देता येत नाही. तुम्ही दिलेला शब्द तीन आठवड्यांत खोटा पडणार आहे. मग तुम्ही पुढे ‘रिपोर्ट चांगला आलाय’ म्हणालात तरी ती तुमच्या तोंडाकडे बघून विचार करेल, हे तरी खरं असेल का?

म्हणून तिला सांगा, ‘केस जाणार नाहीत म्हणालो ते खरं नव्हतं. तुझा चेहरा बघवला नाही म्हणून बोलून गेलो. जातील, पण औषधं संपल्यावर परत येतात.’ केमो संपली की काही महिन्यांत केस पुन्हा येतात, सुरुवातीला कधी कुरळे, कधी वेगळ्या रंगाचे. ती रडेल. रडू द्या, मध्येच ‘केसांचं काय एवढं’ म्हणू नका. वेणी घालणाऱ्या, गजरा माळणाऱ्या बाईला ते एवढं असतंच. स्तन गेल्याला अजून दोन महिनेही झालेले नाहीत.

पुढचं तिला ठरवू द्या. काही जणी आधीच खांद्यापर्यंत कापून घेतात, म्हणजे गळताना कमी जाणवतं. काही जणी गळायला लागले की एकदाच मशीन फिरवतात, वस्तरा मात्र नको, जखम झाली तर जंतूंना वाट मिळते. काही जणी शेवटच्या केसापर्यंत काहीच करत नाहीत. शाळेत जाताना विग हवा की सुती स्कार्फ हेही तिचंच. विग हवा असेल तर केस आहेत तोवर बघून ठेवावा, रंग जुळवता येतो. दान आलेल्या केसांचे विग मोफत देणाऱ्या संस्था आहेत, रुग्णालयातल्या समाजसेवकांना विचारा.

पुष्कळ नवरे बायकोच्या सोबतीला म्हणून स्वतःचं डोकं भादरून येतात. तुमच्या मनात असेल तर आधी तिला विचारा. आपल्याकडे पुरुषाने डोकं केलं की गावात पहिला प्रश्न येतो, घरात कोण गेलं? बाजारपेठेत तुमचं दुकान आहे. दिवसभर लोक हेच विचारणार, ते तिच्याही कानावर जाणार.

आईंशी मात्र तुम्ही बोलायचं, ते बायकोवर ढकलायचं नाही. त्या पिढीच्या डोळ्यांसमोर बाईचं उतरवलेलं डोकं म्हणजे काय येतं हे तुम्हाला माहीत आहे, आणि सुनेबद्दल त्यांना त्याचीच भीती वाटतेय. रागावू नका. सांगा, ‘आई, हे औषधाने होतंय आणि तुझी सून बरी व्हावी म्हणूनच ते औषध आहे. तिच्यासमोर केसांचा विषय काढू नकोस.’ आणि त्यांना काम द्या. हात रिकामे असले की भीती तोंडातून बाहेर पडते. बाधू नये असं, ताजं, मऊ शिजवलेलं अन्न रोज करणं हे फार मोठं काम आहे आणि त्या ते तुमच्यापेक्षा कितीतरी चांगलं करतील.

काढा मात्र आजपासून बंद. करोनाकाळात गुळवेलीच्या काढ्यांनंतर यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईतल्या डॉक्टरांनी नोंदवले होते. केमोच्या औषधांचा निचरा बऱ्याच अंशी यकृतातूनच होतो, तिथे आणखी भार नको. गुळवेलच नव्हे, कुणी चूर्ण, गोळ्या, गोमूत्र, परदेशातून मागवलेली पावडर, काहीही आणून दिलं तरी आधी डॉक्टरांना दाखवायचं. न सांगता गुपचूप चालू ठेवणं सगळ्यात घातक.

सोमवारची तयारी. लाल औषधाने हृदयावर परिणाम होऊ शकतो, म्हणून आधी टूडी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी करतात. तो झाला असेल, नसेल तर विचारा. दात दुखत असेल, किडला असेल तर तेही आधीच सांगा. रात्री हलकं जेवण, सकाळी थोडं काहीतरी खाऊनच निघा, पाणी भरपूर. बाह्या सैल असलेला कुर्ता किंवा पुढून उघडणारा गाऊन, आणि शाल, कारण वॉर्डात एसी असतो. डाव्या हाताला सुई लावायची नाही, बीपी मोजायचं नाही. काखेतल्या गाठी काढल्यावर तो हात सुजू शकतो. एवढ्या केमो घ्यायच्या आहेत आणि शिरांसाठी एकच हात उरलाय, तेव्हा पोर्ट बसवायचा का हे डॉक्टरांना विचारून घ्या. छातीच्या वरच्या भागात त्वचेखाली ही छोटी डबी बसवतात, मग दर वेळी शीर शोधावी लागत नाही.

लाल औषध सिरिंजमधून हळूहळू देतात, सिस्टर जवळच बसलेली असते. बऱ्याच ठिकाणी तेव्हा तोंडात बर्फ ठेवायला सांगतात. तुम्ही मोबाइलमध्ये डोकं घालू नका, तिच्या हाताकडे लक्ष असू द्या. सुईच्या जागी जळजळ, दुखणं, सूज, काहीही वाटलं तर त्याच क्षणी सांगायचं. हे औषध शिरेबाहेर गेलं तर कातडी आणि आतलं मांस जळतं. आपल्या बायका ‘सिस्टरला कशाला त्रास’ म्हणून सोसत राहतात. तिला आधीच बजावून ठेवा, इथे सोसायचं नाही. त्यानंतर एक-दोन दिवस लघवी लालसर होईल. ते रक्त नव्हे, औषधाचा रंग. हे आधी माहीत नसलं तर बाई रात्री संडासात उभ्या उभ्या गारठते, म्हणून लिहिते. पहिले दोन दिवस फ्लश दोनदा करा, उलटी साफ करताना हातमोजे घाला, ते कपडे वेगळे धुवा. तिची ताट-वाटी वेगळी करायची मुळीच गरज नाही.

उलटीच्या गोळ्या वेळेवर द्यायच्या, उलटी झाल्यावर नव्हे. पहिल्या दिवशी पुष्कळदा बरं वाटतं, लोक गोळ्या थांबवतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्रास उसळतो. त्या गोळ्यांनी शौचाला घट्ट होतं, त्याचं औषधही लिहून घ्या.

आता जे सांगतेय ते भिंतीवर लावा. तुमच्याकडे कालनिर्णय असेलच. त्यावर केमोचा दिवस लिहा आणि तिथून मोजून सातव्या ते चौदाव्या दिवसापर्यंतचे चौकोन लाल पेनाने रंगवा. या दिवसांत पांढऱ्या पेशी सगळ्यात कमी असतात. साधा जंतूही काही तासांत अंगात पसरू शकतो आणि शरीर लढत नसल्यामुळे पू, सूज, खोकला पुष्कळदा काहीच दिसत नाही. दिसतो तो फक्त ताप. डिजिटल थर्मामीटर आजच आणा. १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप आला, थंडी वाजून हुडहुडी भरली, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी रुग्णालयाला फोन करायचा आणि निघायचं. क्रोसिन किंवा डोलो देऊन सकाळपर्यंत बघू, हे करायचं नाही. ताप उतरलेला दिसतो, संसर्ग आत वाढतच असतो. केमो घेणाऱ्या माणसाचा जीव अशाने जातो आणि वेळेत शिरेतून अँटिबायोटिक मिळालं तर बहुतेक वेळा वाचतो.

तुम्ही तीन तासांवर राहता, म्हणून याची बेगमी आताच करा. सोमवारी डॉक्टरांना विचारा, रात्री ताप आला तर आम्ही कुठे जायचं? पुण्याला येईपर्यंत थांबायचं की जवळच्या रुग्णालयात पहिला डोस घ्यायचा? चोवीस तास लागणारा नंबर कोणता? मग तालुक्यातलं किंवा जिल्ह्याचं कोणतं रुग्णालय रात्री उघडं असतं, तिथे रक्ततपासणी होते का, हे स्वतः जाऊन बघून या. एका कागदावर तिचं नाव, आजार, औषधांची नावं, शेवटच्या केमोची तारीख आणि डॉक्टरांचा नंबर लिहून तिच्या पर्समध्ये ठेवा. दवाखान्याच्या दारात पाऊल टाकल्या टाकल्या पहिलं वाक्य ‘हिची केमो चालू आहे, ताप आलाय’ हेच असलं पाहिजे, नाहीतर रात्रपाळीचा डॉक्टर व्हायरल समजून इंजेक्शन देऊन घरी पाठवेल. गाडीत पेट्रोल असू द्या. हे सगळं मुलीलाही माहीत हवं, तुम्ही दुकानात असाल तेव्हा थर्मामीटर तीच लावेल.

काही जणींना केमोच्या दुसऱ्या दिवशी पेशी वाढवण्याचं इंजेक्शन लिहून देतात. ते फ्रिजमध्ये ठेवावं लागतं, पुण्याहून नेताना बर्फाच्या पिशव्यांत न्या आणि गावात कोण देणार ते आधी ठरवा. त्याने कंबर, मांड्या, पाठीची हाडं ठणकतात. आजार हाडात गेला अशी समजूत करून घेऊन बायका रात्र जागून काढतात, तर तिला हे आधी सांगा आणि कोणती गोळी चालेल तेही विचारून ठेवा. दर केमोच्या आधी सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची तपासणी करतात, पेशी कमी आल्या तर केमो आठवडाभर पुढे ढकलतात. तसं झालं तर तिला वाटेल काहीतरी बिघडलं. असं पुष्कळांचं होतं.

आता स्वयंपाकघराकडे वळते, कारण तुमच्या पत्रातलं ‘मुलगी समजूतदार आहे, घरातलं ती बघते’ हे वाक्य वाचून मला वाईट वाटलं. पंधरा वर्षांची मुलगी आहे ती. दहावीचं वर्ष, आईचा कॅन्सर आणि वर सगळ्या घराचा स्वयंपाक. मुलगी आहे म्हणून हे तिच्या वाट्याला आलंय, मुलगा दहावीला असता तर आलं नसतं. भाऊ, तुम्ही भात लावायला शिका. मुगाची खिचडी, नाचणीची पेज, वरण, उकडलेली अंडी, एवढं आठवडाभरात येतं. आई आहेत, तुम्ही आहात, भांडी-धुण्याला बाई लावा. मुलीने अभ्यास करावा आणि संध्याकाळी आईजवळ बसावं.

फोडणीचा वास केमोनंतर सहन होत नाही. मोहरी तडतडली की काही बायकांना तिथेच उमळतं. फोडणी द्यायची असेल तेव्हा तिला दुसऱ्या खोलीत बसवा, दार लोटून घ्या, अन्न कोमट झाल्यावर वाढा. तोंडाला लोखंडासारखी चव येते, आपली स्टीलची ताटं-चमचे नकोसे होतात. काचेची वाटी आणि प्लास्टिकचा चमचा द्या, फरक पडतो. तीन वेळा जेवण्याऐवजी दर दोन तासांनी चार घास. प्रथिनं हवीत, डाळ, अंडं, पनीर, मासे, चिकन, जे खाते ते, पूर्ण शिजवलेलं. उघड्यावरची कापलेली फळं, भेळ-पाणीपुरी, उसाचा रस, कच्ची कोशिंबीर सध्या नको. केळं, संत्रं, मोसंबी घरी धुऊन सोललेलं चालतं. दूध उकळून, पाणी उकळून. तोंड आलं तर कोमट पाण्यात थोडं मीठ आणि खायचा सोडा घालून दिवसातून चार-पाच वेळा चुळा, ब्रश मऊ. आणि ‘खा ना, खाल्लं नाहीस तर कशी बरी होशील’ हे पालुपद लावू नका. वाटी ठेवा, तिथेच बसा, खाल्लं तर खाल्लं. दिवसभर पाणीसुद्धा पोटात ठरत नसेल तर मात्र लगेच डॉक्टरांना फोन.

मुलांना आजाराचं नाव सांगा, दोघांनाही, आणि आईने व तुम्ही एकत्र बसून सांगा. मुलीने मोबाइलवर सगळं शोधून झालं असेल, ती एकटीच घाबरत असेल. सहावीतल्या मुलाला शाळेत कुणीतरी सांगेलच, आणि तेव्हा ‘मरते’ हा शब्दही त्यासोबत येईल. त्याला तीन गोष्टी कळायला हव्यात. हा आजार कुणाला लागत नाही, आईच्या कुशीत झोपता येतं. त्याच्या कुठल्या वागण्यामुळे हे झालेलं नाही. औषधाने आईचे केस जातील, ती थकेल, चिडेल, पण ते औषध आईला बरं करायला आहे. मुलीच्या मनात ‘मलाही होईल का’ हे येणारच. स्तनाच्या कॅन्सरपैकी थोडेच आनुवंशिक असतात, पण पन्नाशीच्या आत झाला असेल तर जनुकांची तपासणी करावी का हे डॉक्टरांना विचारण्यासारखं आहे. हा प्रश्नही आईच्या वहीत जाऊ द्या.

आणि आजच तुमच्या खोलीत परत झोपायला जा. तुम्ही तिला त्रास नको म्हणून गेलात, पण ती काय समजली असेल? स्तन काढला आणि नवरा उठून दुसऱ्या खोलीत गेला. तुम्ही कारण सांगितलंत तरी तिच्या मनात हेच राहील. तिच्या अंगाला हात लावल्याने तिला किंवा तुम्हाला काही होत नाही. जखमेची जागा बघायला तिला संकोच वाटत असेल तर घाई करू नका. ‘तुला वाटेल तेव्हा दाखव, मला बघायचं आहे, मला काही वाटणार नाही,’ इतकं म्हणा आणि थांबा. शरीरसंबंध तिची इच्छा असेल तर चालतात. केमोनंतरचे दोन-तीन दिवस टाळा किंवा निरोध वापरा, आणि पुढेही निरोध हवाच. या औषधांवर असताना दिवस राहणं धोक्याचं आहे आणि पाळी थांबल्यासारखी वाटली तरी दिवस राहू शकतात. पाळी अनियमित होईल, कदाचित कायमची जाईल, अंगातून वाफा निघतील. तिची इच्छाच नसेल, तर नुसतं शेजारी असणंही तिला हवं असेल.

तुमच्या हसतमुख राहण्याबद्दल. चोवीस तास हसरा चेहरा समोर असला की आपली भीती बोलून दाखवायला माणसाला जागाच उरत नाही. ‘पॉझिटिव्ह राहा’ म्हणणारे भेटायला येणाऱ्यांत पुष्कळ असतील. मन उदास असलं म्हणून केमो कमी लागू पडते असं काही नाही, तिला हे कुणीतरी सांगा, नाहीतर रडू आलं की तिला आपलं काही चुकतंय असं वाटत राहील. एखाद्या रात्री ‘मलाही भीती वाटते’ असं तुम्ही म्हणालात तर ती खचणार नाही. तुमच्यापेक्षा ती आधीपासून घाबरलेली आहे, सोबत मिळेल. मात्र पैशाची काळजी, भावाशी झालेले वाद, दुकानाची उधारी तिच्यापाशी मोकळी करू नका, त्यासाठी एखादा मित्र धरा.

भेटायला येणाऱ्यांना दारातच सांभाळायचं काम तुमचं. ‘आमच्या अमकीलाही हाच होता’ अशी गोष्ट घेऊन येणाऱ्याला तिच्यापर्यंत पोचू देऊ नका. डॉक्टरांनी गर्दी मना केलीय, हे कारण खरंही आहे. शाळेतल्या कुणाला काय सांगायचं हे मात्र तिला विचारा.

हंगामाचं आताच ठरवा. केमोचा दिवस आणि पुढचे तीन-चार दिवस दुकानात भाऊ किंवा पगारी माणूस बसवा. दर आठवड्याच्या बारा केमो सुरू झाल्या की तीन तास जाऊन परत येणं दोघांनाही झेपणार नाही, ती औषधं जवळच्या एखाद्या केंद्रात त्याच डॉक्टरांच्या देखरेखीखाली मिळतील का, हे पहिल्याच भेटीत विचारा. पैशाचं म्हणाल तर तिच्या नोकरीमुळे वैद्यकीय प्रतिपूर्ती मिळू शकते, मूळ बिलं आणि डिस्चार्ज कार्डं एकाच पिशवीत जपा, परिवर्तित रजेचा अर्ज सोमवारआधी द्या. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेतून कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात आणि केमोथेरपी त्यात येते. तुम्ही त्यात बसता का हे योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा, तेही उपचार सुरू होण्याआधी, कारण योजना कॅशलेस आहे. रेल्वेत आणि एसटीत कॅन्सर रुग्णांना सवलत आहे, त्यासाठीचा दाखला रुग्णालय देतं.

पुढच्या बारा केमो बहुधा पॅक्लिटॅक्सेलच्या असतील. उलट्या बऱ्याच कमी होतात, पण हातापायांना मुंग्या येतात, बोटं बधिर होतात. खडू धरणं, साडीची पिन लावणं जड जातं, गरम भांडं हातात घेतल्यावर चटका उशिरा कळतो. ते सुरू झालं की लगेच डॉक्टरांना सांगायचं, डोस बदलता येतो. ती टाळेल, ‘एवढं काही नाही’ म्हणेल. त्या वेळी तिच्या वतीने उत्तर देऊ नका, तिच्याकडे वळून विचारा, ‘काल चहाची कपबशी पडली तुझ्या हातून, सांगू का त्यांना?’ ती हो म्हणाली की सांगा.

तुमची ताई